खेळाचा पट आणि संगणकाचा कुंचला

यंदाच्या स्नेहसंमेलनातील प्रदर्शनात आम्ही चौघांनी तयार केलेला 'खाडी' नावाचा बैठा खेळ मांडला होता. विजयदुर्गाहून गलबत हाकारायचे, भरती-ओहोटी आणि वारा सांभाळीत वाघोटनच्या खाडीतून वर यायचे आणि माल घेऊन खारेपाटणच्या धक्क्याला लागायचे, एवढीच त्याची कल्पना. दोन दिवसांत पुष्कळ जण टेबलाशी थांबले. त्यांतील बहुतेकांनी पट हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "कशावर केलंत हे? फोटोशॉप की कोरेल?" खेळ कसा खेळायचा हे विचारणारे विरळाच.

या प्रश्नाचे उत्तर मी त्या वेळी हसून टाळले. ते येथे सविस्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच. प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु एखाद्या लहान गावातील विद्यार्थ्याने आपला खेळ, आपली पत्रिका, आपले पुस्तक स्वतः घडवायचे ठरवले, तर ते कोणाच्या हत्याराने घडवावे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकते. आपल्यासारख्यांनी मुक्त सॉफ्टवेअर निवडावे, त्यातही पत्त्यांसाठी व पटासाठी इंकस्केप, आणि चोरून आणलेली महागडी प्रत वापरू नये. हे मत मी शहाणपणाने बनवलेले नाही. नुकसान सोसून बनवले आहे.

आधी थोडे खेळाविषयी. शिलाहार राजा रट्टराज याचा इ.स. १००८ चा ताम्रपट आपल्या या गावात सापडला, हे इतिहासाच्या तासाला आपण ऐकलेले आहे. त्यात देवालयाला दिलेल्या दानात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याच्या गद्याणाचा उल्लेख येतो. आज शुक नदीच्या पुलावरून एस. टी. जाताना खाली पाहिले, तर या गाळात कधी गलबते येत असतील यावर विश्वास बसत नाही. तो बसावा म्हणून खेळ. पटावर बंदरे, उथळ जागा आणि जकातीची चौकी, हातात अठ्ठेचाळीस पत्ते: माल, वारा, भरती, ओहोटी आणि एक पुराचा पत्ता, जो निघाला की खारेपाटणची पेठ पाण्याखाली. (हा पत्ता निघाल्यावर खेळणारे जे हसतात, ते जुलै महिन्यात पेठेतून दुकानातला माल माळ्यावर चढवणाऱ्या माणसाचे हसू असते. बाहेरच्याला ते कळणार नाही.)

पत्ते गोल करायचे हे आमचे आधीच ठरले होते, कारण सावंतवाडीच्या राजवाड्यातील गंजिफा आम्ही पाहिल्या होत्या. दशावतारी गंजिफेचा संच एकशेवीस पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये आपल्या मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. तो खेळ पुढे दक्षिणेत येऊन दशावताराचा वेष धारण करता झाला. दिवसा डाव रामाचे पान ज्याच्या हाती त्याने सुरू करायचा, रात्री कृष्णाचे पान असलेल्याने. ही कला जवळजवळ लोपली असताना शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिला राजवाड्यातच आसरा दिला आणि नव्या कारागिरांचे हात तयार करून घेतले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे चित्रकार बारीक कुंचल्याने एक एक पान रंगवतो आणि त्यावर लाखेचा लेप चढतो. तेथे 'कशावर केलंत?' असे कोणी विचारत नाही. कुंचला कोणत्या दुकानचा, हा प्रश्नच तेथे पोरकट वाटेल.

मग आम्हाला संगणक का हवा? कारण आमच्यापैकी एकाचाही हात तसा नाही, आणि आम्हाला एक संच नको होता, चार हवे होते. शिवाय खेळ रोज बदलत होता. चांगला खेळ पहिल्या दिवशी कोणालाच सुचत नाही. आम्ही पहिले पत्ते जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले होते, आणि तसे महिनाभर खेळलो. पहिल्या आठवड्यात ओहोटीचे पत्ते इतके जास्त होते की एकही गलबत वाघोटनच्या पुढे जाईना. लग्नपत्रिकेवरचा आकडा खोडरबराने बदलता येतो. रंगवून बसलेले चित्र बदलवत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की खेळ उभा राहीपर्यंत कोणतेच सॉफ्टवेअर उघडू नये. संगणकावर चित्र देखणे झाले की त्यातील चूक मान्य करण्याचे धैर्य जाते.

आमची घाई नडली ती पुढच्या पायरीवर. आमच्यातील एक मित्र चित्रकलेत चांगला. त्याच्या कोणा नातेवाइकाकडून कोरेलड्रॉची एक 'मिळवलेली' प्रत आली. कशी मिळवली हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्यावर जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात त्याने सगळे पत्ते लिहिले. पेन ड्राइव्ह घेऊन आम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका छपाईच्या दुकानात गेलो. फाइल उघडली, आणि 'भरती' व 'ओहोटी' यांच्या जागी इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि कंस यांची खिचडी दिसू लागली. या जुन्या टंकांत मराठी अक्षर हे खरे मराठी अक्षर नसते. आत इंग्रजी अक्षराचाच क्रमांक असतो, वरून मराठी मुखवटा. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसला की मुखवटा गळतो. दुकानदाराने बिचाऱ्याने आपल्याकडचा टंक लावून अक्षरे पुन्हा बसवून दिली. आम्हीही बसची वेळ पाहून घाईने मान डोलावली. घरी येऊन पाहतो तो 'किनाऱ्यावर' हा शब्द सगळीकडे 'किनार्यावर' छापलेला. चार संच, आणि प्रत्येक संचात अशी सहा पाने. अठराशे रुपये गेले. ते आम्ही वर्गणीने जमवलेले होते.

त्या दिवसापासून मी कोणतेही चित्रांचे सॉफ्टवेअर तपासताना पहिला शब्द टाइप करते तो 'किनाऱ्यावर'. हा अर्धा र मराठीचा खास दागिना. हिंदीला तो लागत नाही, इंग्रजीला त्याची गंधवार्ता नाही. तो नीट उमटला तर पुढे 'राष्ट्र', 'ज्ञान', 'शुद्धी' घालून पाहावे. मग ल आणि श पाहावेत. आपले ल आणि श हिंदीहून निराळ्या वळणाचे, आणि शासनाने २००९ साली काढलेल्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठी वळणच प्रमाण मानले आहे. तरीही कितीतरी टंकांत आपसूक हिंदी वळण उमटते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण अक्षरांना क्रमांक मिळणे वेगळे आणि त्यांची जोडाक्षरे नीट जुळणे वेगळे. इलस्ट्रेटरसारख्या नामवंत प्रोग्रॅमातसुद्धा भारतीय लिपींसाठी मांडणीची वेगळी व्यवस्था निवडावी लागते. ती न निवडली तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. इंकस्केप आणि गिंप या दोन्ही मुक्त प्रोग्रॅमांत मात्र युनिकोडमधील मराठी काही न करता सरळ जुळून येते. सोबत मुंबईच्या 'एक टाइप' या टंककारांच्या मुक्ता किंवा बलू यांसारखे मुक्त टंक घेतले की दुसऱ्या संगणकावर तोच टंक विनामूल्य बसवता येतो. मुखवटा गळण्याची भीती नाही. मराठीत खेळ करणाऱ्याने बाकी सर्व गुणदोष यानंतर पाहावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता चित्राच्या जातीविषयी, कारण येथे पुष्कळांचा गोंधळ होतो आणि आमचाही झाला. संगणकावर चित्र दोन तऱ्हांनी साठवतात. एक तऱ्हा म्हणजे रंगीत कणांची रास, पाटावर तांदूळ रंगवून मांडल्यासारखी. दुसरी म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. ठिपके कोठे आणि कोणता ठिपका कोणाला जोडायचा एवढेच ध्यानात ठेवायचे. मग तीच रांगोळी उंबऱ्यावर काढा नाहीतर अंगणभर काढा, रेघ तितकीच स्वच्छ. फोटोशॉप, गिंप आणि क्रिता हे तांदूळवाले. कोरेल, इलस्ट्रेटर आणि इंकस्केप हे रांगोळीवाले. गलबत, बाण, नाणे, आकडा, चौकट हे सारे रांगोळीच्या जातीचे. पटामागचे धुरकट आकाश किंवा जलरंगातील खाडी तांदळाच्या जातीची.

आम्ही सुरुवातीला सगळा पटच तांदळात मांडायला घेतला. पट अठरा इंच चौरस. दर इंचाला तीनशे कण धरले तर एका बाजूला ५,४०० आणि एकूण २ कोटी ९१ लाखांहून अधिक कण होतात. प्रत्येक कणाला तीन बाइट म्हटले तरी एका थराला पावणेनऊ कोटी बाइट, आणि आमच्या चित्राला असे अकरा थर. महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील वयोवृद्ध यंत्राने ते उचलताना जो उसासा टाकला, तो ऐकून कक्ष सांभाळणारे सर स्वतः धावत आले. पुढे कळले की पट ज्या फ्लेक्सवर छापायचा, त्याला इतक्या बारीक कणांची गरजच नव्हती. इंकस्केपमध्ये तोच पट पुन्हा काढला, तेव्हा तेच यंत्र गपगुमान चालले. आकाशाचा तुकडा तेवढा गिंपमध्ये रंगवून आणून चिकटवला.

पत्त्यांचा हिशोब मात्र सुरेख जमला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पत्ता ६० मिलिमीटर व्यासाचा. कात्री थोडी चुकली तरी पांढरी कड दिसू नये म्हणून भोवती तीन-तीन मिलिमीटर रंग जास्त, म्हणजे ६६. ए-फोर कागद २१० बाय २९७. आडवे तीन, उभे चार, असे बारा पत्ते बसतात, आणि गंजिफेच्या एका रंगाची पानेही बाराच! दशावतारी संच करायचा म्हटले तर एका कागदावर एक अवतार, दहा कागदांत दशावतार पूर्ण. छपाईच्या दुकानातील बारा बाय अठरा इंचाच्या जाड कागदावर चोवीस बसतात. आमचा अठ्ठेचाळीस पत्त्यांचा संच त्यावर दोन कागदांत संपला.

मुक्त सॉफ्टवेअरचे सगळे गोडच आहे असे नाही. इंकस्केपचा रंग पडद्याचा. छपाईच्या चार शाईंचे गणित त्याला अजून नीट जमत नाही. पडद्यावर आमची खाडी पाचूसारखी चमकत होती, कागदावर ती शेवाळलेली आली. बारीक काळी अक्षरे चारही शाईंत मिसळून छापली गेली तर कडा धूसर होतात. त्यासाठी शेवटची जुळणी स्क्रायबसमध्ये करून काळे अक्षर नुसत्या काळ्या शाईत ठेवावे लागते. म्हणजे एकाऐवजी तीन प्रोग्रॅम शिकायचे. गिंपची सुधारणा कूर्मगतीने होते. तिसरी आवृत्ती येण्यासाठी मार्च २०२५ उजाडावे लागले. आणि पत्ते यादीवरून आपोआप भरून देणारा नॅनडेक नावाचा एक प्रोग्रॅम खास खेळ करणाऱ्यांसाठी आहे. तो विनामूल्य आणि उपयोगी आहे, पण त्याची आज्ञावली पाहून आमच्यातील दोघांनी हात जोडले.

माझा चित्रकार मित्र तर अजूनही माझ्या विरुद्ध पक्षात आहे. परवा मालवणीत म्हणाला, "तुझ्या त्या इंकस्केपाक कोण इचारता? कोरेल शिकलंय तर खंयच्याय दुकानात दोन पैसे मिळतले." त्याचे म्हणणे खोटे नाही. कणकवली-कुडाळच्या फ्लेक्सच्या दुकानांत आणि लग्नपत्रिकेच्या छापखान्यांत कोरेलचेच राज्य आहे. नोकरी हवी त्याने ते जरूर शिकावे, आणि शक्य तर विकत घेऊन किंवा दुकानाच्या अधिकृत प्रतीवर शिकावे. परंतु नोकरीचे हत्यार आणि आपले हत्यार हे एकच असले पाहिजे, असे कोठे आहे? अडोबने २०१३ पासून आपले नवे प्रोग्रॅम मुख्यतः भाड्यानेच द्यायला सुरुवात केली. भाडे थकले की चित्र तुमचे, पण ते उघडायची किल्ली त्यांची. आम्हा मुलांच्या हातखर्चात ते भाडे बसत नाही. मग चोरी. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून असा चोरीचा प्रोग्रॅम वापरण्याला किमान सात दिवसांची कैद लिहिलेली आहे, हे आपल्यातील कितीजणांना ठाऊक आहे?

कायद्याची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. मला खटकते ते निराळेच. ज्या दिवशी आम्ही ती 'मिळवलेली' प्रत बसवली, त्याच आठवड्यात आणखी एक प्रसंग घडला. सावंतवाडीला मोबाइलवर टिपलेले एका गंजिफेचे छायाचित्र संगणकावर घेऊन त्यावरून आपोआप रेषा काढून घेण्याची टूम निघाली. ही सोय इंकस्केपमध्येही आहे, म्हणजे दोष हत्याराचा नव्हे. एका कळीवर मत्स्यावतार आमच्या पत्त्यावर येऊन बसला! कारागिराने कदाचित दिवसभर मान मोडून काढलेला मासा आम्ही अर्ध्या मिनिटात उचलला. दोघे म्हणाले काय बिघडले, देव काय कोणाच्या मालकीचा? देव नसेल, पण तो मासा होता. त्याच्या खवल्यांची वळणे एका माणसाच्या मनगटातून आलेली होती. वाद बराच चालला. एका चोरीला सरावलेले मन दुसरीला किती लवकर तयार होते, ते मला त्या संध्याकाळी दिसले. आणि त्या मनात मीही होते, कारण पहिल्या प्रतीच्या वेळी मी गप्प बसले होते. शेवटी तो मासा पुसला. त्याजागी मित्राने बाजारातील सुरमई समोर ठेवून पेन्सिलीने मासा काढला आणि मी तो ठिपक्या-ठिपक्यांनी इंकस्केपमध्ये उतरवला. गंजिफेच्या माशाची सर त्याला नाही. शेपटी जरा जाडच झाली आहे. पण तो आमच्या खाडीतला आहे.

दुसऱ्या छपाईच्या आधी आम्ही पत्ते शेजारच्या आजीला दाखवले. लहानपणी सोंगट्या खेळलेली बाई. कापडाचा सारीपाट तिने स्वतः शिवलेला. तिने पत्ता लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "माका काय दिसना नाय गो बाय." अक्षरे फार बारीक झाली होती. पडद्यावर पत्ता मोठा करून पाहण्याची सवय लागली की ६० मिलिमीटर म्हणजे किती हे विसरायला होते. हा दोष एकूण एक सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्ही मजकूर निम्मा केला आणि अक्षर दीडपट. मग आजी खेळली, पहिल्याच डावात जिंकली, आणि पुराचा पत्ता माझ्यावर टाकताना तिने जराही दया दाखवली नाही.

दुरुस्त केलेले संच आता तयार होत आहेत. सर्व फाइली संगणक कक्षातील तिसऱ्या यंत्रावर 'खाडी' या नावाच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. टंक सोबत आहेत, प्रोग्रॅमही सोबत आहेत, आणि हे सर्व कोणीही उतरवून घ्यावे. पुढच्या वर्षी कोणाला त्यात देवगडचे बंदर किंवा नवा पत्ता घालावासा वाटला, तर आमची परवानगी विचारण्याचे कारण नाही. 'किनार्यावर' छापलेले जुने चार संच ग्रंथालयात दिले आहेत. ग्रंथपाल मॅडमनी ते नोंदवून घेतले आणि पहिला पत्ता वाचताच लाल पेन उचलले होते. त्यांना थांबवले. तेवढी सहा पाने तशीच राहू द्यावीत, अशी मी त्यांना विनंती केली आहे.